फेकी

बाबा माझ्या मॅचला यायचे आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे. शाळेत होतो तेव्हापासून हे असंच. आई कुंपणाजवळच्या बाकावर साडीवर कार्डिगन चढवून बसायची, मांडीवर डबा, आणि मी टाकलेला प्रत्येक चेंडू तिलाच लागणार असल्यासारखी अंग चोरून घ्यायची. बाबा मात्र गाडीची काच अर्धी खाली करून, रेडिओवर बातम्या लावून, डोळे मिटून. मॅच संपली की मी मागचं दार उघडून बॅग टाकायचो, ते विचारायचे, "झालं?" मी म्हणायचो, "झालं." जिंकलो की हरलो हे घरी गेल्यावर, हात धुताना, आईकडून हळूच काढून घ्यायचे. मला तेव्हा याचा एकच अर्थ लागत होता. परदेशातल्या आमच्या गावात, एडिसनमध्ये, ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत मुलं डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायच्या वाटेला लागलेली, आणि आमच्याकडे हा एक चेंडू टाकणारा. बाबांना माझी लाज वाटते हे मी धरूनच चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही माझी वाटायचीच.

आमचं घर वरच्या मजल्यावरचं, खाली गॅरेज. त्या गॅरेजच्या विटांच्या भिंतीवर खडूने चौकोन काढून मी तासन् तास चेंडू मारत बसायचो. वर आईचा कुकर आणि खाली माझा चेंडू, असा आमच्या घराचा संध्याकाळचा आवाज होता. आई फोडणी द्यायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडायची, कारण मोहरी तडतडली की छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागे आणि मग बाबा खुर्चीवर चढून त्याला वर्तमानपत्राने वारा घालत. बाबा रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. घरी आले तरी त्यांच्या नखांच्या कडांना कुठला ना कुठला रंग असायचाच, आणि आज कुठला आहे यावर मी आणि आई पैज लावायचो. तसा मजेचा माणूस. श्रीखंडाचा चक्का बांधायला बसले की गाणीही म्हणायचे. पण खालून चेंडूचा आवाज सुरू झाला की त्यांचं गाणं थांबायचं. "ते बंद कर म्हणावं त्याला," असं ते आईला सांगायचे. मला थेट कधी बोलले नाहीत. आई खाली यायची, जिन्यात उभी राहून थोडा वेळ बघायची आणि म्हणायची, "अजून थोडा टाक. मग जेवायला ये."

बेसबॉल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आणि सगळा खेळ त्याच्या हातून सुरू होतो. क्रिकेटच्या गोलंदाजासारखा तो धावत येत नाही. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहतो आणि तिथूनच, कोपर वाकवून, अंगातली सगळी ताकद लावून फेकतो. माझा चेंडू फार वेगवान नव्हता, पण शेवटच्या क्षणी खाली बसायचा. का बसायचा ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. शाळेतल्या कोचने तो पाहिला, मग कॉलेजातल्या कोचने, आणि कॉलेज संपता संपता एका मोठ्या संघाच्या माणसाने. त्याने मला त्यांच्या खालच्या फळीत घेतलं. मोठ्या संघांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी छोटे संघ असतात, त्याला मायनर लीग म्हणतात. मी सगळ्यात खालच्या पायरीवर होतो. तरीही पगार घेऊन बेसबॉल टाकणारा आपल्या लोकांतला बहुधा मीच पहिला. निदान आमच्या शेजारच्या लेलेकाकूंनी सगळीकडे तसं सांगून ठेवलं होतं, आणि लेलेकाकूंनी एकदा सांगितलं की ते खरं धरायचं अशी एडिसनमध्ये रीत होती. आज मी राहतो त्या मॉरिसव्हिलमध्ये शेजारची मराठी मुलं मला विचारतात, "आजोबा, were you famous?" मी म्हणतो, लेलेकाकूंच्या दिवाणखान्यात होतो.

तो संघ वर डोंगरांच्या बाजूला, एका लहानशा गावातला होता. कागदाची गिरणी, एक चर्च, एक पिझ्झाचं दुकान आणि आमचं मैदान. आम्हां खेळाडूंना गावातली माणसं आपापल्या घरी ठेवून घ्यायची. मला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे खोली मिळाली होती. आजीबाई रोज सकाळी अंडी तळून वाढायच्या आणि मी जेवताना बोलत का नाही म्हणून काळजी करायच्या. बसचे प्रवास लांबलचक, रात्री ब्रेडला शेंगदाण्याचं लोणी फासून जेवण उरकायचं. बाकीचे खेळाडू तंबाखू चघळायचे, सूर्यफुलाच्या बिया चघळायचे आणि दिवसभर थुंकायचे. मी आईने पाठवलेली भाजकी बडीशेप चघळायचो. कोचने एकदा माझ्या तोंडाचा वास घेतला, पुडी मागितली, चिमूटभर खाल्ली आणि तेव्हापासून दर सामन्याआधी हात पुढे करायला लागला. आईला हे कळलं तेव्हा तिने त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधायला सुरुवात केली. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत फलंदाजांना माझा चेंडू कळला होता. खाली बसणाऱ्या चेंडूची ते वाट बघायचे, आणि तो बसायच्या आत उचलून मारायचे.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात मिरजेहून दामूकाका आले. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, मुलीकडे एडिसनला राहायला आलेले. गोल चेहरा, गोल पोट, आणि बोलायला लागले की समोरच्याच्या मांडीवर थाप. दामूकाकांना घेऊन माझा सामना बघायला जायचं असं लेलेकाकूंनी ठरवलं आणि बघता बघता तीन गाड्या भरल्या. मला आदल्या दिवशी आईचा फोन आला. "सगळे येताहेत रे. काय काय करून आणू?" मी म्हणालो, "आई, इथे हॉट डॉग खातात सगळे." ती म्हणाली, "खाऊ देत की. मी दशम्या करते."

ते आले. मैदानाच्या एका बाजूच्या बाकांवर रंगीबेरंगी साड्या, पुरुषांच्या डोक्यावर दुकानातून नुकत्याच घेतलेल्या आमच्या संघाच्या टोप्या. मी उंचवट्यावर गेलो तेव्हा "श्रीकांत, श्रीकांत" असा गजर झाला. माझ्या संघातली पोरं मला श्री म्हणायची. माझं पूर्ण नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बाबा त्यांच्यात नव्हते. ते कुठे असतील हे मला बघावं लागलं नाही. सामना सुरू झाला, आणि थोड्याच वेळात समोरच्या संघातल्या एका उंच पोराने माझा चेंडू असा मारला, की तो कुंपणावरून, गिरणीच्या रस्त्यापलीकडे दिसेनासा झाला. सगळं मैदान गप्प झालं. आणि त्या शांततेत आमच्या माणसांच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. नुसत्या टाळ्या नाहीत. दामूकाका उभे राहून, हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होते. "वा! क्या बात है!" त्यांच्या मागोमाग लेलेकाकू, लेलेकाका, सगळेच. चांगल्या फटक्याला दाद द्यायची, मग तो आपल्याला मारलेला का असेना, हे त्या सगळ्यांच्या हाडात मुरलेलं होतं. क्रिकेटचं मैदान असतं तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. इथे गावातली माणसं वळून वळून बघायला लागली, कुणीतरी शिवी दिली. कोच चालत माझ्यापाशी आला. "ती तुझीच माणसं ना?"

"हो."

"मग त्यांचं काय बिनसलंय?"

माझी मान वर होईना. पुढच्यानेही मला तसाच मारला, आणि पुन्हा टाळ्या झाल्या, जरा दबकत. मग कोचने माझ्या हातातून चेंडू काढून घेतला. पिचरच्या हातून चेंडू घेतात तेव्हा त्याने मैदान ओलांडून चालत बाकाकडे जायचं असतं, आणि ते अंतर माणसाला कसं वाटतं हे ज्याने चालून पाहिलंय त्यालाच माहीत. मी खाली बघत चाललो. बाजूने आईचा आवाज आला, "छान टाकलास हो!" त्याने तर मी मेलोच.

सामन्यानंतर पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडल्या गेल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही, लोणचं, थर्मासमधला चहा. माझ्या संघातले दोघे कपडे बदलून जात होते, त्यांनाही आईने दशमी दिली. मला ती सगळी माणसं तिथून अदृश्य झाली तर बरं असं वाटत होतं. बाबा गाडीतून उतरून आले, कुणाशी फारसं न बोलता आईला मदत करायला लागले. दामूकाका माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "फटका होताच तसा, बाळ. दाद द्यायलाच पाहिजे. पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. हात कसला आहे तुझा! वशा, अरे पोरगा थेट तुझ्यावर गेलाय की." मग लेलेकाकूंकडे वळून, "वहिनी, हा वशा काय टाकायचा माहितीये? मिरजेत त्याच्यासमोर उभं राहायला कुणी तयार नसायचं."

"अगंबाई! वसंतराव क्रिकेट खेळायचे?" लेलेकाकू आईकडे बघत म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

"खेळायचे म्हणजे? जिल्ह्याच्या टीममध्ये घेणारच होते. निवडीच्या मॅचलाच घोळ झाला ना." दामूकाकांनी दशमीचा तुकडा तोडला. "आमचे गणिताचे सर अंपायर होते. वशानं बॉल टाकला की सरांचा हात आडवा, नोबॉल. पुन्हा टाकला, पुन्हा नोबॉल. हात वाकवून टाकायचा आणि सोडताना झटक्यात सरळ करायचा, तो बॉल नाही, ती फेक. क्रिकेटमध्ये ते चालत नाही. सगळं गाव बघायला आलेलं. पोरं ओरडायला लागली, फेकी, फेकी. नंतर कितीतरी दिवस हा सायकलवरून निघाला की मागून ओरडायची." मग माझ्याकडे बोट करून ते हसले. "तुझं नशीब बघ. इथे फेकलं म्हणून पगार देतात!"

कुणीतरी हसलं. बाबांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही ते पाहिलं, आणि म्हणाले, "दामू, चहा घे, गार होतोय." मग ते गाडीत जाऊन बसले. त्यांचा उजवा हात कोपरात किंचित वाकलेला असायचा, हे मी जन्मापासून बघत होतो. लहानपणी झाडावरून पडले होते म्हणे, आणि हाडवैद्याने बसवला तो तसाच बसला. त्या दिवशी मी तो हात गाडीच्या काचेतून पाहिला, स्टिअरिंगवर ठेवलेला, आणि माझ्या मनात जे आलं ते असं: माझा बाप लबाडी करताना पकडला गेला होता. मी जे पगार घेऊन करत होतो ते त्यांनी चोरून केलं होतं. त्यांना माझी लाज वाटते असं इतकी वर्षं समजत होतो. आता मला त्यांची वाटायला लागली.

पुढच्याच आठवड्यात मला काढलं. मॅनेजर भला माणूस होता. त्याने दार लावून घेतलं, आणि त्याने दार लावलं तेव्हाच मला कळलं, कारण ते दार कधीच बंद नसायचं. "तू चांगला मुलगा आहेस," तो म्हणाला, "पण आम्ही तुला सोडतोय." कपडे धुणाऱ्या माणसाने माझं सामान भरायला कचऱ्याची काळी पिशवी दिली. संघाची बॅग ठेवून घेतात. कोचने हात मिळवला आणि बडीशेपेबद्दल आईला थँक्यू सांग म्हणाला. मी ती काळी पिशवी मांडीवर घेऊन बसने घरी आलो. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, लाँड्रीला चाललास का? मी हो म्हणालो.

आईने दार उघडलं. पिशवी पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाली, "सुट्टी दिली का रे?" मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच ठरवून टाकलं, "बरं झालं. खांद्याला आराम हवाच होता." मग फोनवर मी तेच ऐकत राहिलो. लेलेकाकूंना, भिशीच्या मैत्रिणींना, पुण्याच्या मावशीला. "हो ना, खांद्याला आराम सांगितलाय. तसं काही नाही, जाईल परत." ती खोटं बोलतेय असं तिला वाटतच नसावं. ती मला पांघरूण घालत होती. दारावरची बेल वाजली की मी खाली गॅरेजमध्ये जाऊन बसायचो, गाडी आणि भिंत यांच्या मधल्या जागेत, वर पाहुण्यांच्या चपला काढल्याचा आवाज येईपर्यंत आणि मग त्या पुन्हा घातल्याचा येईपर्यंत. तेवीस वर्षांचा घोडा. आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापतात. बाबांनी मला काही विचारलं नाही. मीही त्यांच्याशी बोलत नव्हतो. जेवताना त्यांच्या हाताकडे बघणं टाळत होतो.

दामूकाका परत जायला निघाले तेव्हा आईने सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. त्या दिवशी सकाळी ती मसालेभाताची तयारी करत होती आणि मी कुठे पळावं याचा विचार करत होतो. बाबा खाली आले, गॅरेजच्या फळीवरून माझा एक जुना चेंडू उचलला, दुसऱ्या हातात माझं ग्लव्ह घेतलं आणि म्हणाले, "चल." घरामागच्या शाळेच्या मैदानात पाण्याचे फवारे नुकतेच बंद झाले होते, गवत ओलं होतं. बाबांनी ऑफिसचे बूट घातले होते. त्यांच्याकडे दुसरे नव्हतेच. मला त्यांनी एका टोकाला नेऊन उकिडवं बसवलं, आणि स्वतः मागे मागे चालत गेले, एका जागी टाच घासून खूण केली. बेसबॉलचा चेंडू बोटांत फिरवून शिवण चाचपली. मग ते धावत आले.

माझे बाबा धावतात हे मला माहीत नव्हतं. पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. दुसरा गवतावर आपटून घसरला. तिसरा पडला, उसळला आणि शेवटच्या क्षणी आत वळला. माझं ग्लव्ह जिथे होतं तिथून तो हातभर बाजूने गेला. चेंडू आणायला मी जायचो, परत द्यायचो, ते पुन्हा खुणेपाशी जायचे. त्यांच्या शर्टाला पाठीवर घाम आला. आणि दोन वर्षं कोचने मला जे शिकवलं होतं ते मी नकळत करायला लागलो. चेंडू कुठे जातो ते बघायचं नाही, टाकणाऱ्याच्या शरीरातला एकच सांधा धरायचा आणि तेवढाच बघायचा. मी कोपर धरलं. हात वर येताना कोपर वाकलेलं होतं. खांद्यावरून जाताना तितकंच वाकलेलं. चेंडू सुटला तेव्हाही तितकंच, चेंडू सुटून गेल्यावरही. ते सरळ होतच नव्हतं. होऊच शकत नव्हतं. झटका नव्हता, फेक नव्हती. हाडवैद्याने बसवलेला वाकडा हात, तो वाकडाच्या वाकडा गोल फिरत होता. आता टीव्हीवर गोलंदाजाच्या कोपराचं चित्र थांबवून, मोठं करून दाखवतात, कॅमेरे लावून मोजतात. मिरजेत तेव्हा फक्त सरांचे डोळे होते.

मी उठून त्यांच्याकडे गेलो. "बाबा, तुम्ही फेकत नव्हतात."

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात. आईच्या कपाटाच्या आरशासमोर उभा राहून हात फिरवून बघायचो. फेकायचं म्हटलं तरी जमणार नाही असा हात आहे हा."

"मग सरांना सांगितलं का नाहीत?"

ते चेंडूवरचं गवत निपटत राहिले. "सर होते रे ते. त्यांनी मला वर्गात शिकवलेलं. त्यांनी हात आडवा केला तेव्हा मला वाटलं, असेल. माझंच चुकत असेल. मी मान खाली घातली. आणि मान खाली घातली की लोकांनाही वाटतं, असणारच काहीतरी. आरशात बघितलं तोवर मी क्लबात सांगून बसलो होतो, की मला खेळायचा कंटाळा आलाय. घरी पण तेच सांगितलं. मग तेच सांगत राहिलो." मग म्हणाले, "तुझ्या मॅचला त्या काळ्या कपड्यांतल्या अंपायरकडे मला बघवत नाही. आता हात आडवा करेल असं वाटतं. म्हणून गाडीत बसतो. तुला काय वाटायचं?"

मला काय वाटायचं ते मी सांगितलं नाही. मला माझीच इतकी लाज वाटत होती, की तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्या घरात सणाशिवाय कुणी पाया पडत नाही. त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. "तुला काढलं ना?" मी हो म्हणालो. आमच्यात तो शब्द तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. "मग तसं म्हण," बाबा म्हणाले. "खांदा बिंदा नको. नाहीतर म्हातारा होईपर्यंत खांदा सांभाळत बसशील."

दुपारी सगळे आले. दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावून आईने चटया घातल्या होत्या, कारण दामूकाकांना पंगतीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही असं त्यांनी आल्या दिवशीच जाहीर केलं होतं. कागदी पानं, मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, श्रीखंड. बाबा पुऱ्या वाढत होते, मी पाणी. लेलेकाकूंच्या भांड्यात ओतायला वाकलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय रे श्रीकांत, खांदा कसा आहे आता? कधी जायचं परत?"

"आरामच सांगितलाय ना त्याला," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"नाही काकू," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "खांदा चांगला आहे. मला काढलं टीममधून. मी कमी पडलो." पंगत थांबली. लेलेकाकूंचा घास हातातच राहिला. आईने पदर तोंडाला लावला आणि आत वळली, आणि मला वाटलं, आता ही जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. लेलेकाका शेवटी म्हणाले, "होतं असं. श्रीखंड आण रे इकडे."

बाबा तेव्हा दामूकाकांच्या पानापाशी पोचले होते. हातात पुऱ्यांची परात, वाकलेले. तसेच वाकून ते म्हणाले, "दामू, मी फेकत नव्हतो."

कशाबद्दल बोलताहेत हे कळायला दामूकाकांना वेळ लागला नाही. ते हसायला गेले, पण बाबांचा चेहरा बघून थांबले. "अरे, मला माहीत आहे की ते," ते म्हणाले. "मी कीपर होतो तुमचा. वर्षानुवर्षं समोर बसून तुझाच हात बघत होतो. तो सरळ होतोय कुठला?"

बाबा परात तशीच धरून उभे राहिले. मी त्यांच्या मागे पाण्याचा जग घेऊन. "मग तेव्हा बोलला का नाहीस?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. आज पगार झाला का विचारावं तसं.

दामूकाकांनी पानाकडे पाहिलं. भात एका बाजूला सारला, परत दुसऱ्या बाजूला सारला. एवढा बोलका माणूस, पण मांडीवर थाप मारायला त्यांना आता शेजारी कुणी दिसेना. "सर होते रे ते," ते म्हणाले.

बाबांनी त्यांच्या पानात एक पुरी वाढली, मग आणखी एक, आणि पुढच्या पानाकडे वळले. मी दामूकाकांच्या भांड्यात पाणी ओतलं. सगळे उठेपर्यंत ते बसून होते, आणि त्या दोन पुऱ्या तशाच राहिल्या.